दाद, गुण आणि लागू पडणे : अस्थिकर्करोगाच्या पेशींवरील औषधचाचणीचा इतिहास

नाशिकहून आग्रा रस्त्याने ईशान्येकडे निघाले असता वीसेक किलोमीटरांवर बाणगंगेच्या काठी ओझर लागते. निफाड तालुक्यातील हे शेतीचे गाव १९६४ साली स्थापन झालेल्या मिग-२१ विमानांच्या कारखान्यामुळे देशभर ठाऊक झाले, आणि लोकांच्या तोंडी त्याचे नावच ‘ओझर मिग’ असे रूढ झाले. त्या विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला आणि विद्युत्-उपकरणे हैदराबादला अशी कामाची वाटणी होती. विमानबांधणीत धातूचा कोणताही महत्त्वाचा भाग जागी बसविण्यापूर्वी त्याच ओतणीतील एक तुकडा प्रयोगशाळेत नेऊन ताणला जातो, वाकविला जातो, अखेर तोडला जातो. तो किती भाराला तुटला ह्यावरून मूळ भाग आकाशात किती भार सोसेल हे ठरविले जाते. भागाला हात न लावता त्याच्याविषयी निर्णय देण्याची ही युक्ती जुनीच आहे. सोनाराची कसोटी हेच काम करीत असे.

ह्या युक्तीमागे एक गृहीतक असते व ते सहसा कोणी बोलून दाखवीत नाही : तुकडा आणि भाग हे एकाच द्रव्याचे आहेत, आणि प्रयोगशाळेतील ताण व आकाशातील ताण हे एकाच जातीचे आहेत. धातूच्या बाबतीत हे गृहीतक बव्हंशी खरे ठरते. विसाव्या शतकाच्या मध्यास वैद्यकाने हीच युक्ती कर्करोगाला लावून पाहिली. रोग्याच्या गाठीचा तुकडा काढावा, त्यातील पेशी काचपात्रात जगवाव्यात, त्यांवर निरनिराळी औषधे टाकून पाहावीत, आणि ज्या औषधाने त्या मरतील ते रोग्यास द्यावे. विचार इतका सरळ आहे की तो सुचला नसता तरच नवल. तो अपेक्षेप्रमाणे फळास का आला नाही, आणि तरीही सत्तर वर्षे तो मनुष्याच्या मनातून का गेला नाही, हे पाहण्यासाठी हाडाच्या कर्करोगाइतके उद्बोधक उदाहरण क्वचित सापडेल.

अस्थिकर्करोग हा शब्द येथे ऑस्टिओसार्कोमा ह्या एका विशिष्ट रोगाला उद्देशून योजिला आहे. ह्या रोगात कर्कपेशी स्वतःच कच्चे अस्थिद्रव्य निर्माण करीत जातात. रोगाचे हे नाव फ्रेंच शल्यविशारद आलेक्सी बोयर ह्याने १८०५च्या सुमारास प्रचारात आणले. रोग विरळा आहे. परंतु तो गाठतो ते बहुधा वयाच्या दुसऱ्या दशकातील मुलामुलींना, हाडे सर्वांत वेगाने वाढत असतात त्या काळात, आणि पुष्कळदा गुडघ्याच्या वरच्या किंवा खालच्या बाजूस. खेळताना पडल्याचे निमित्त होते, गुडघा सुजतो, तेल लावून शेकले जाते, आणि क्ष-किरणचित्र काढेपर्यंत कित्येक आठवडे निघून जातात. केवळ पाय कापणे एवढाच इलाज होता त्या काळात पाचांपैकी सुमारे चार रोगी पुढे फुप्फुसांत रोग पसरून दगावत. कारण निदान होते त्या वेळीच रोगाची अदृश्य बीजे रक्तावाटे तेथे पोचलेली असत.

१९७०नंतरच्या दशकात हे चित्र पालटू लागले. बोस्टन येथे नॉर्मन जॅफे ह्यांनी मेथोट्रेक्झेट हे औषध प्रचंड मात्रेत देऊन मागाहून त्याचा उतारा देण्याची पद्धत ह्या रोगात वापरली; डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन व पुढे आयफॉस्फामाइड ही औषधे तिला येऊन मिळाली. तरीही शंकेखोर होतेच, आणि त्यांची शंका अस्थानी नव्हती. तिचे निरसन १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या लिंक व त्यांच्या सहकाऱ्यांच्या तुलनेने केले. अवघे ३६ रोगी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागण्यात आले होते. दोन वर्षांनंतर केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १७ टक्के रोगमुक्त राहिले. शस्त्रक्रियेनंतर रसायनोपचार मिळालेल्यांपैकी ६६ टक्के. ह्यानंतर औषध द्यावे की नाही हा प्रश्न उरला नाही. कोणास कोणते द्यावे हा उरला.

हा प्रश्न पांडित्याचा नव्हे. डॉक्सोरुबिसिन हृदयाला दुखापत करते; सिस्प्लॅटिनने श्रवणशक्ती जाते व मूत्रपिंडे दुबळी होतात; मेथोट्रेक्झेट शरीरात अडकून राहिले तर जीव धोक्यात येतो. चौदा वर्षांच्या मुलास निरुपयोगी औषध देणे म्हणजे नुसता खर्च वाया घालविणे नव्हे. त्याच्या पुढल्या साठ वर्षांतून काहीतरी काढून घेणे होय. तेव्हा औषध आधीच पारखून घेता आले तर, ही आकांक्षा सर्वथा रास्त होती.

आता ह्या आकांक्षेच्या भाषेकडे वळावयास हवे, कारण घोटाळ्याचे मूळ बऱ्याच अंशी तेथे आहे. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘संवेदनशील’ आणि ‘प्रतिरोधी’ असे दोन शब्द असतात. हे शब्द कर्करोगशास्त्राचे नाहीत; ते जंतुशास्त्रातून उसने आणलेले आहेत. पू अथवा लघवी तपासावयास द्यावी, तीत वाढलेल्या जंतूंवर प्रतिजैविकांच्या टिकल्या ठेवाव्यात, आणि ज्या टिकलीभोवती जंतू वाढले नाहीत ते औषध निवडावे, ही पद्धत पेनिसिलिनच्या युगात वाढीस लागली व १९६६मध्ये सिॲटलच्या बाऊअर, कर्बी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला प्रमाणित रूप दिले. आज ‘कल्चर रिपोर्ट’ हा शब्द महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतही समजतो. जंतूंच्या बाबतीत तिला जे यश आले त्यामुळे कर्कपेशींसही तीच भाषा लावण्याचा मोह होणे साहजिक होते. परंतु जंतू हा शरीरात शिरलेला परका आहे. कर्कपेशी ही शरीराचीच, बिघडलेली का होईना, पेशी आहे. जंतूला मारणारे औषध रोग्याच्या पेशीला बहुधा सोडून देते. कर्कपेशीला मारणारे औषध मात्रा वाढविली की कोणतीही पेशी मारते. काचपात्रात पुरेसे औषध ओतले तर काहीच जगणार नाही. मग ‘संवेदनशील’ कोणत्या मात्रेला म्हणावयाचे?

मराठी बोलीत ह्या ठिकाणी एक शब्द नाही, तीन आहेत, आणि ते तिन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. रोग औषधाला ‘दाद देतो’ किंवा देत नाही. औषध ‘लागू पडते’. रोग्याला ‘गुण येतो’. दाद हा फार्सी शब्द मुळात न्याय ह्या अर्थाचा. ‘दाद मागणे’ ह्यात तो अर्थ अजून शाबूत आहे. पण रोगाच्या संदर्भात दाद देण्याचा कर्ता रोग असतो. लागू पडण्याचा कर्ता औषध असते, आणि ते अमुक एका प्रकृतीला लागू पडते, सर्वांना नव्हे. गुण मात्र रोग्याला येतो, व तो केवळ औषधाचा नसून कधी वैद्याच्या हाताचाही मानला जातो. बोली भाषेने येथे जो भेद केला आहे तोच नेमका शास्त्राच्या भाषेत पुसला गेला. काचपात्रातील चाचणी फार तर एवढे सांगू शकते की ह्या पेशींनी ह्या परिस्थितीत दाद दिली. औषध त्या मुलाला लागू पडेल की नाही ह्यात यकृत, मूत्रपिंडे, रक्तपुरवठा हे सारे आले. आणि गुण आला की नाही हे तो पाच वर्षांनी हयात आहे की नाही ह्यावरून ठरावयाचे. पुढील इतिहास म्हणजे पहिल्या क्रियापदावरून तिसऱ्यावर उडी मारण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे असे म्हणावयास हरकत नाही.

(प्राचीन वैद्यकात ह्या रोगाचे पूर्वरूप शोधण्याचा उद्योग अधूनमधून होतो, म्हणून जाता जाता एक नोंद. सुश्रुताने निदानस्थानात अर्बुदाचे सहा प्रकार सांगितले आहेत : वातज, पित्तज, कफज, रक्तज, मांसज व मेदोज. त्यांत अस्थीचा अर्बुद असा स्वतंत्र प्रकार नाही. ‘कर्करोग’ हा शब्द तर खेकड्यावरून पडलेल्या ग्रीक नावाचे अर्वाचीन रूपांतर होय.)

शरीराबाहेर पेशी जगविण्याची कला १९०७मध्ये रॉस हॅरिसन ह्यांच्या बेडकाच्या मज्जातंतूंवरील प्रयोगांपासून सुरू होते. परंतु मानवी कर्कपेशी अखंड वाढत ठेवणे हे पुढे चार दशके कोणास साधले नाही. ते १९५१मध्ये बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात जॉर्ज गे ह्यांना साधले, आणि जगप्रसिद्ध हेला पेशीवंश जन्मास आला. महाराष्ट्राचा ह्या इतिहासाशी संबंध येतो तो येथे.

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन २८ फेब्रुवारी १९४१ रोजी झाले. त्याच्या प्रयोगशाळांची धुरा वसंत रामजी खानोलकर ह्यांच्याकडे होती. रोगनिदान करून देणे एवढेच रोगविकृतिशास्त्रज्ञाचे काम आहे असे न मानणाऱ्या पिढीतील ते होते. पुढे १९५२मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले ते त्यांच्याच नेतृत्वाखाली, आणि १९६० ते १९६३ ह्या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमल रणदिवे ह्यांनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. कमलाबाई मूळच्या पुण्याच्या समर्थ घराण्यातील. जन्म ८ नोव्हेंबर १९१७, शिक्षण हुजूरपागेत व फर्ग्युसन महाविद्यालयात, वडील फर्ग्युसनमध्येच जीवशास्त्राचे अध्यापक. पदव्युत्तर अभ्यास त्यांनी पुण्याच्या कृषिमहाविद्यालयात केला तो सीताफळाच्या कुलातील वनस्पतींच्या पेशीविज्ञानाचा. वनस्पतींच्या रंगसूत्रांपासून माणसाच्या गाठीपर्यंतचा हा प्रवास वरकरणी विचित्र वाटतो. पण पेशी पाहण्याची, मोजण्याची व जपण्याची जी शिस्त तेथे लागली तीच पुढे कामास आली असली पाहिजे.

डॉक्टरेटनंतर रॉकफेलर प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर त्या बाल्टिमोरला गे ह्यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकण्यासाठी गेल्या आणि परत येऊन त्यांनी मुंबईत देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. ह्या ‘उभारली’ शब्दात काय काय आले ह्याची कल्पना आज येणे कठीण आहे. पेशी जगविण्यासाठी लागणारे द्रव बाजारात तयार मिळत नसत. काचसामान धुतल्यावर साबणाचा अंश राहिला तरी पेशी मरतात. मुंबईच्या दमट हवेत बुरशीचा एक कण आठवड्याचे काम नासवितो. रणदिवे ह्यांचे स्वतःचे संशोधन प्रामुख्याने स्तनाचा कर्करोग, रक्ताचा कर्करोग व कुष्ठरोगाचे जंतू ह्यांवर होते. हाडांच्या कर्करोगावर नव्हे. परंतु भारतात मानवी पेशी काचेत जगवून तिला प्रश्न विचारता येतात ही शक्यता त्यांच्या प्रयोगशाळेमुळे निर्माण झाली. १९६६मध्ये रुग्णालय व संशोधन केंद्र ही अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत टाटा स्मारक केंद्र म्हणून एकत्र आली, आणि त्याच वर्षापासून १९७०पर्यंत संशोधन केंद्राचे संचालकपद रणदिवे ह्यांनी सांभाळले. १९८२मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

ह्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये जेन राईट ह्या कृष्णवर्णीय महिला डॉक्टर दुसऱ्या टोकाने ह्या प्रश्नाला भिडल्या होत्या. हार्लेम रुग्णालयात त्यांचे वडील लुई राईट ह्यांनी कर्करोग संशोधनाचे जे काम आरंभिले होते, ते १९५२मध्ये वडिलांच्या निधनानंतर त्यांनी पुढे चालविले. रोग्याच्या गाठीचा तुकडा संवर्धनात वाढवून त्यावर औषधांचा परिणाम पाहावयाचा, तेच औषध रोग्यास द्यावयाचे, आणि दोन्ही निकाल शेजारी शेजारी मांडावयाचे, अशी त्यांची रीत होती. त्यांचा तुलनात्मक अहवाल १९५७मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. औषधनिवडीसाठी रोग्याच्याच पेशी विचारात घेण्याची कल्पना पद्धतशीरपणे हाताळणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

तथापि ह्या कल्पनेला खरा बहर आला तो १९७७मध्ये. ॲरिझोना विद्यापीठातील ॲन हॅमबर्गर व सिडनी सॅमन ह्यांनी मऊ अगारमध्ये मानवी गाठींच्या पेशींपासून वसाहती वाढविण्याचे तंत्र प्रसिद्ध केले. ज्या पेशी वसाहत करू शकतात त्याच रोग पुन्हा उभा करणाऱ्या मूळ पेशी होत, तेव्हा त्या कोणत्या औषधाने मरतात हे पाहिले की काम झाले, असा तर्क होता. काही वर्षे ह्या पद्धतीचा मोठा बोलबाला झाला. १९८३मध्ये सेल्बी, ब्यूइक व टॅनॉक ह्यांनी तिची कठोर चिकित्सा केली : पुष्कळ गाठींच्या पेशी अगारमध्ये वसाहती करीतच नाहीत, आणि ज्यांना वसाहत समजून मोजले जाते ते कधी कधी मुळातच नीट सुटे न झालेले पेशींचे गोळे असतात. ज्याच्यावर मोजणी उभी तेच डळमळीत असले तर पुढच्या आकड्यांचा काय उपयोग?

ह्या सर्व चाचण्यांत एक गोष्ट मात्र वारंवार दिसून आली व तिचे समर्थक ती आवर्जून सांगत. औषध निरुपयोगी ठरेल असे चाचणी म्हणाली तर ते दहांतून सुमारे नऊ वेळा खरे होई. उपयोगी ठरेल असे म्हणाली तर दहांतून सहा-सात वेळा. पहिला आकडा प्रभावी वाटतो. परंतु नाशिकात मार्च महिन्यात रोज सकाळी ‘आज पाऊस पडणार नाही’ असे सांगणाऱ्याचेही भाकीत बहुतेक दिवशी खरे ठरेल, आणि त्यासाठी त्याला ढग पाहावे लागणार नाहीत. उपचार थकलेल्या रोग्यांमध्ये बहुतेक औषधे निरुपयोगीच ठरत असतात. तेथे ‘नाही’ म्हणणे सोपे असते. चाचणीची किंमत ठरते ती तिच्यामुळे वैद्याचा निर्णय बदलला व त्या बदलाने रोग्याचे आयुष्य वाढले की नाही ह्यावरून. ह्याच निकषावर अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००४मध्ये आणि पुन्हा २०११मध्ये असा अभिप्राय दिला की शास्त्रीय प्रयोगाच्या चौकटीबाहेर अशा चाचण्यांवरून औषध निवडू नये.

अस्थिकर्करोगात ह्या सामान्य अडचणींवर आणखी काही खास अडचणी चढतात. गाठ हाडाची, म्हणजे चुन्याने भरलेली. तिच्यातील पेशी सुट्या करण्यासाठी तुकडे बारीक करून पाचकद्रव्यात ठेवावे लागतात, आणि ह्या खटाटोपात जगतात त्या पेशी मूळ गाठीच्या प्रातिनिधिक असतीलच असे नाही. सुईने काढलेला नमुना मुळात अत्यल्प. त्यातील मोठा भाग निदानासाठीच खर्ची पडतो. संयोजी ऊतीच्या निरोगी पेशी काचपात्रात कर्कपेशींहून जोमाने वाढतात, आणि काही दिवसांनी चाचणी कोणाची चालली आहे हाच प्रश्न पडतो.

औषधांच्या बाजूनेही घोटाळा आहे. आयफॉस्फामाइड हे मूळ रूपात पेशीला मारीतच नाही. यकृतात त्याचे रूपांतर झाल्यावरच ते विषारी बनते. काचपात्राला यकृत नसते. म्हणून तेथे आधीच रूपांतरित केलेले द्रव्य वापरावे लागते, व ते रोग्याच्या रक्तात किती तयार होईल हे मोजावयाचे राहूनच जाते. मेथोट्रेक्झेटची कथा ह्याच्या उलट. पेशीला नवीन केंद्रकद्रव्य बनविण्यासाठी लागणारा कच्चा माल हे औषध तोडते. परंतु संवर्धनाच्या द्रवात व त्यातील रक्तजलात तो माल बहुधा तयारच असतो. त्यामुळे पेशी औषध असूनही जगते आणि अहवालात ‘प्रतिरोधी’ असा शेरा पडतो. म्हणजे ज्या दोन औषधांविषयी वैद्याला सल्ला हवा त्यांच्याच बाबतीत साक्षीदार अडखळतो. ओझरच्या कारखान्यात धातूच्या तुकड्याला ताण देताना असा प्रश्न उद्भवत नाही. तो तुकडा जेवत नाही.

काचपात्राचा हा खटाटोप चालू असताना अस्थिकर्करोगाच्या क्षेत्रात एक निराळीच प्रयोगशाळा, जवळजवळ अपघाताने, उघडली गेली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग रुग्णालयात १९७०नंतरच्या दशकात पाय न कापता रोगट हाड काढून त्या जागी धातूचा सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया होऊ लागली होती. तो सांधा प्रत्येक रोग्याच्या मापाने घडवावा लागे व त्यास दोन-तीन महिने लागत. तोवर रोग्याला नुसते बसवून ठेवण्यापेक्षा औषधे सुरू करावीत, असे जेराल्ड रोझन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरविले. यंत्रशाळेच्या विलंबातून शस्त्रक्रियेपूर्वीच्या रसायनोपचाराची पद्धत अशी जन्मास आली. शस्त्रक्रियेनंतर काढलेले हाड रोगविकृतिशास्त्रज्ञ अँड्र्यू हूव्होस ह्यांच्यासमोर येई. ते उभे चिरावयाचे, त्याच्या पातळ कापाचा नकाशा काढून चौकटी पाडावयाच्या, आम्लात ठेवून चुना विरघळवावयाचा, आणि प्रत्येक चौकटीतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून किती मेल्या व किती जगल्या ह्याची टक्केवारी ठरवावयाची. नव्वद टक्क्यांहून अधिक मेल्या असतील तर प्रतिसाद चांगला. परळच्या प्रयोगशाळेसह जगभर आजही तत्त्वतः हीच रीत आहे.

येथे तुकडा आणि भाग ह्यांतील फरकच मिटला. औषध रोग्याच्याच रक्तातून, त्याच्याच यकृतातून, त्याच्याच गाठीत गेलेले. काचपात्राच्या सर्व आक्षेपांतून ही चाचणी मुक्त होती. आणि तिचे भाकीत खरे ठरले : ज्यांच्या गाठीतील पेशी बहुसंख्येने मेलेल्या आढळल्या ते पुढे अधिक प्रमाणात जगले. रोझन ह्यांनी साहजिकच पुढचे पाऊल टाकले. ज्यांचा प्रतिसाद वाईट त्यांची औषधे शस्त्रक्रियेनंतर बदलावयाची. १९८२मधील त्यांचे आरंभीचे निकाल इतके उत्साहवर्धक होते की प्रश्न सुटलाच असे अनेकांना वाटले. परंतु १९९२मध्ये त्याच रुग्णालयातील मायर्स व सहकाऱ्यांनी दीर्घकाळचा हिशेब मांडला तेव्हा औषधे बदलल्याचा फायदा दिसेनासा झाला.

अखेरचा निवाडा यूरामोस ह्या आंतरराष्ट्रीय प्रयोगाने दिला. २००५ ते २०११ ह्या काळात १७ देशांतील २,२६० रोगी त्यात नोंदले गेले. ज्यांचा प्रतिसाद वाईट आढळला त्यांपैकी ६१८ जण दोन गटांत विभागले गेले : एकास आधीचीच औषधे, दुसऱ्यास त्यांत आयफॉस्फामाइड व इटोपोसाइड ह्यांची भर. २०१६मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. भर घातलेल्या गटात रोग परत येण्याचे प्रमाण घटले नाही. विषबाधा मात्र वाढली.

ह्या निकालाचे तात्पर्य पुष्कळदा केवळ निराशेच्या सुरात सांगितले जाते, आणि त्यातील तार्किक बोध नजरेआड होतो. कोणाचे भवितव्य वाईट आहे हे ओळखणे आणि कोणते औषध दिले असता ते सुधारेल हे ओळखणे ह्या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीस भाकीत म्हणावे, दुसरीस निवड. हूव्होस ह्यांची टक्केवारी उत्कृष्ट भाकीत करते. निवड ती करीत नाही, कारण निवडीसाठी हाताशी दुसरे, खरोखर अधिक लागू पडणारे औषध असावे लागते. नसेल तर सर्वांत प्रामाणिक साक्षीदारही केवळ वाईट बातमी देऊ शकतो. काचपात्रातील चाचण्यांवरील वादांत हा भेद क्वचितच पाळला गेला आहे.

मुंबईत ह्या काळात प्रश्नाची मांडणीच वेगळी होती, व ती अधिक व्यवहार्य होती असे दिसते. प्रचंड मात्रेतील मेथोट्रेक्झेट द्यावयाचे तर रक्तातील त्याची पातळी वारंवार मोजावी लागते, रोग्यास दीर्घकाळ रुग्णालयात ठेवावे लागते, आणि खर्च बेसुमार होतो. ओझर, मालेगाव अथवा त्याहून दूरच्या गावाहून आलेल्या कुटुंबास परळमध्ये इतके महिने राहणे म्हणजे शेती किंवा नोकरी सोडणेच होय. टाटा स्मारक रुग्णालयाने २०११नंतर ओजीएस-१२ ह्या नावाने डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन व आयफॉस्फामाइड ह्यांची, मेथोट्रेक्झेट वगळून, दाट मात्रेची योजना अंगीकारली व तिचे समाधानकारक निष्कर्ष प्रसिद्ध केले. येथे औषधाची निवड कोणत्याही एका रोग्याच्या पेशींनी केलेली नाही. ती एका देशाच्या परिस्थितीने केली आहे. लागू पडणे ह्या क्रियापदात प्रकृतीबरोबर परिस्थितीही येते, हे शास्त्राच्या पुस्तकांत नसले तरी परळच्या धर्मशाळांत राहणाऱ्यांना ठाऊक असते.

काचपात्राची कल्पना मात्र विझली नाही, आणि तिचे एक ठिकाण ओझरपासून फार दूर नाही. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील दातार कॅन्सर जेनेटिक्स ह्या प्रयोगशाळेने गाठीतील जिवंत पेशींवरील औषधचाचणीस जनुकांच्या तपासणीची जोड दिली. रक्तात फिरणाऱ्या कर्कपेशींचाही ती उपयोग करते. ह्या एकत्रित तपासणीवरून उपचार ठरविण्याचा ‘रेझिलियंट’ नावाचा प्रयोग नाशिकमधील कर्करोगतज्ज्ञांच्या सहभागाने झाला व २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या अवयवांचे, आधीचे उपचार थकलेले रोगी त्यात होते. हिशेबात धरलेल्या १२६ जणांपैकी ५४ जणांच्या, म्हणजे ४२.९ टक्के रोग्यांच्या, गाठी आकसल्या. उपचार थकलेल्या रोग्यांत हा आकडा दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु प्रयोगात तुलनेचा दुसरा गट नव्हता. त्याच रोग्यांना अनुभवी वैद्याने तपासणीवाचून औषधे दिली असती तर किती गाठी आकसल्या असत्या हे त्यावरून कळत नाही. शिवाय गाठ आकसणे ही दाद आहे, गुण नव्हे.

पेशी चपट्या थरात न वाढविता मऊ द्रव्यात लहान गोळ्यांच्या रूपात वाढविण्याचे नवे तंत्रही ह्या क्षेत्रात आले आहे. लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी २०२४मध्ये हाडाच्या व मऊ ऊतींच्या सार्कोमांपासून असे गोळे वाढवून त्यांवर औषधांची लांबलचक मालिका तपासल्याचे प्रसिद्ध केले. निकाल शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत हाती येतो. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या भांडारातून अस्थिकर्करोगाचे प्रमाणित पेशीवंश देशातील संशोधकांना मिळतात. पण ते अर्ध्या शतकापूर्वीच्या परदेशी मुलामुलींच्या गाठींपासून चालत आलेले आहेत. त्यांवरून औषधाचा धर्म कळतो. आज वॉर्डात असलेल्या मुलाचा नव्हे.

जी कसोटी अद्याप झालेली नाही तिचे स्वरूप सांगणे अवघड नाही. अस्थिकर्करोगाचे रोगी दोन गटांत विभागावयाचे; एकास नेहमीची योजना, दुसऱ्यास त्यांच्या पेशींच्या चाचणीवरून ठरविलेली; आणि पाच वर्षे वाट पाहावयाची. अडचण संख्येची आहे. वाईट प्रतिसादाच्या ६१८ रोग्यांना विभागण्यासाठी १७ देशांना सहा वर्षे लागली, आणि तेथे प्रश्न फक्त दोन जादा औषधांचा होता. येथे तर प्रत्येक रोग्याचे औषध निराळे असावयाचे. शिवाय नमुना कापल्यापासून तो प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पेशी जिवंत राहिल्या पाहिजेत. नाशिक-मुंबई मार्गावर कसाऱ्याच्या घाटात वाहने किती वेळ अडकून पडतात हेही मग त्या प्रयोगाच्या आराखड्यात लिहावे लागेल.